मुद्दाम चुकवलेली उत्तरं

ब्रेट हॅनिगनने आयुष्यात फारसे गोल केले नाहीत, आणि बचावपटूकडून कोणी तशी अपेक्षाही करत नाही. त्याचं काम उलटं. समोरच्याला गोल करू द्यायचा नाही. आणि न झालेल्या गोलाबद्दल जगात कोणी टाळ्या वाजवत नाही. गोल करणाऱ्याचं नाव छापून येतं, बचावपटूचं येतं ते तो चुकला तरच. हे ब्रेटला लहानपणीच कळलं होतं आणि तरीही त्याने हीच जागा मागून घेतली होती, यावरून त्याच्या स्वभावाचा अंदाज यावा.

सेंट लुइसच्या दक्षिणेकडच्या वस्तीत तो वाढला. बाकीच्या अमेरिकेतली पोरं हेल्मेट घालून एकमेकांवर आदळायला शिकत होती, तेव्हा या वस्तीत बाप, काका, चर्चचे पाद्री, सगळेच सॉकरच्या, म्हणजे आपल्या फुटबॉलच्या, नादी लागलेले. ब्रेट उंच होता, पायाने बेताचाच होता, पण हवेतून आलेला चेंडू डोक्याने परतवावा तर त्यानेच. कॉर्नर आला की गर्दीतून त्याचं तांबूस डोकं सगळ्यात वर दिसायचं. त्या डोक्याच्या जोरावर त्याला कॉलेजात फुकट शिक्षण मिळालं. त्याच्याच जोरावर वरच्या लीगमधल्या एका संघाने त्याला घेतलं, एक अख्खा हंगाम बाकावर बसवलं आणि सोडून दिलं. मग खालच्या लीगमध्ये टल्सा, चार्ल्सटन, रॉचेस्टर आणि आता हे ओहायोतलं टोलिडो. प्रत्येक गावात भाड्याचं घर, प्रत्येक घरात कॉलीनने नव्याने लावलेले पडदे. कॉलीन त्याची बायको, दातांच्या दवाखान्यात काम करणारी. दात कुठल्याही गावात किडतातच, त्यामुळे तिला नोकरी मिळत गेली.

जानेवारीत सराव सुरू व्हायच्या आधी खेळाडूंची तपासणी होते. गुडघे, हृदय, रक्त आणि शेवटी डोकं. डोक्याची तपासणी म्हणजे संगणकासमोर बसून द्यायची परीक्षा. पडद्यावर शब्द येतात आणि जातात, आकृत्या येतात आणि जातात, आणि थोड्या वेळाने तो विचारतो, हा शब्द मघाशी होता का? ही आकृती पाहिलीस का? पुढे हंगामात कोणाच्या डोक्याला मार लागला तर हीच परीक्षा पुन्हा घेतात आणि दोन्ही निकाल ताडून पाहतात. निकाल घसरला असेल तर खेळाडूला घरी बसवतात.

आणि घरी बसलेल्याची जागा दुसरा घेतो आणि मग ती परत देत नाही. म्हणून या मंडळींनी आपला एक रिवाज पाडून ठेवला आहे. जानेवारीतली परीक्षा मुद्दाम वाईट द्यायची. अगदी ढ नव्हे, संगणकाला संशय येईल इतकी नव्हे; बेताची. मग पुढे मार लागून डोकं गरगरत असलं तरी निकाल जानेवारीइतकाच येतो आणि डॉक्टर म्हणतात, जा, खेळ. ब्रेटला दोन वेळा याचा उपयोग झाला होता. चार्ल्सटनला एका धडकेनंतर त्याला स्वतःच्या गाडीचा रंग आठवेना, तरी पुढच्या शनिवारी तो मैदानात होता. ही गोष्ट तो अजून फुशारकीने सांगायचा, आणि ऐकणारे सहकारीही वाहवा करायचे. माणसं आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतात आणि वर त्याचं कौतुक करून घेतात, ते असं.

नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाला दोघं सेंट लुइसला कॉलीनच्या माहेरी गेले होते. तिच्या वडिलांचा, म्हणजे टॉम फिनर्टींचा, घरं गरम ठेवणारी यंत्रं बसवायचा धंदा आहे. जावयाने खेळ सोडून धंद्यात यावं, असं ते दरवर्षी टर्की कापता कापता सुचवत. यंदाही सुचवलं. ब्रेटने विषय बदलण्यासाठी रॉचेस्टरची गोष्ट काढली: एवढं धुकं पडलं होतं की गोलकीपरने रेफ्रीलाच आपला गडी समजून पास दिला, आणि रेफ्री शिट्टी फुंकायची सोडून चेंडू घेऊन दोन पावलं पळाला. सगळं टेबल हसलं. मग शेवटचं भोपळ्याचं गोड वाढलं गेलं, आणि ब्रेटने खुर्ची मागे सरकवून तीच धुक्याची गोष्ट पुन्हा सांगितली. पुन्हा सगळे हसले, जरा बेताने. कॉलीन हसली नाही.

परतताना गाडीत ती म्हणाली, "धुक्याची गोष्ट दोनदा सांगितलीस."

"मागणी होती."

"नव्हती, ब्रेट."

"अगं, तुझे पपा ती हरणाची गोष्ट आपल्या लग्नापासून सांगताहेत. त्यांना कोणी डॉक्टरकडे नेलं नाही ते."

"पपा वर्षातून एकदा सांगतात. एका जेवणात दोनदा नाही."

कॉलीनला आता सेंट लुइसला कायमचं परत जायचं होतं. पडदे लावून ती कंटाळली होती. ब्रेटला अजून एक हंगाम हवा होता. चौतिसाव्या वर्षी बचावपटूला जो एक हंगाम हवाच असतो, तो. क्लब द्यायलाही तयार होता.

"एक कर," कॉलीन म्हणाली. "जानेवारीतली ती परीक्षा या खेपेला खरी दे. लबाडी न करता. एकदा तरी मला कळू दे."

"खरी दिली तर परीक्षा घेणारी रोझॅन बेशुद्ध पडेल. म्हणेल, ह्या टोणग्याने इतकी वर्षं एवढी अक्कल ठेवली होती कुठे?"

"पडू दे बेशुद्ध. निकाल नेहमीपेक्षा वर आला तर मी एक अक्षर बोलणार नाही. एक हंगाम खेळ, दोन खेळ. शब्द दे."

"दिला."

वर नाही आला तर काय, हे दोघांनीही काढलं नाही. ब्रेटच्या तर ते डोक्यातही आलं नाही.

तपासणीच्या दिवशी सकाळी कपडे बदलायच्या खोलीत नव्या खेळाडूंची रांग बसली होती. डेझ अकिन्स, डावीकडचा बचावपटू, ब्रेटचा इथला जिवलग, बाकावर थाप मारून म्हणाला, "सभा भरलीय, म्हातारबा. होऊ दे प्रवचन."

हे प्रवचन द्यायचा मान गेली काही वर्षं ब्रेटकडे होता. तो बाकावर चढला.

"पोरांनो, आज हुशारी दाखवायची नाही. ज्याला हुशारी दाखवायची होती त्याने वकील व्हायचं होतं. शब्द येतील, ते लक्षात ठेवा, आणि मग थोडे विसरा. फार विसराल तर रोझॅन तुम्हाला परत बसवेल. उगाच मन लावून परीक्षा द्याल तर ऑगस्टमध्ये घरी बसून आईच्या हातचं सूप पीत राहाल."

टेक्सासहून आलेला नवा गोलकीपर म्हणाला, "मी मन लावून दिली तरी नापासच होणार."

"मग तुला देवानेच घडवून पाठवलंय," डेझ म्हणाला, आणि खोली हसून हसून लोळली.

ब्रेटही हसला. आपण आज काय करणार आहोत हे त्याने डेझलाही सांगितलं नव्हतं. त्याला मनातून मजा वाटत होती.

पडद्यावर शब्द येऊ लागले. खिडकी. लोणी. शिडी. मेंढी. ब्रेट नीट बसून वाचत राहिला. दरवर्षी त्याला इथे दोन कामं करावी लागत, लक्षात ठेवायचं आणि लपवायचं. यंदा एकच काम, त्यामुळे त्याला हलकं वाटलं. मग आकृत्या झाल्या, रंग झाले, आणि शब्द विचारायला सुरुवात झाली. लोणी होतं का? होतं. जिना होता का? होता. एकदोन ठिकाणी तो अडखळला, पण अडखळत कोण नाही? तो शीळ घालत बाहेर आला. आयुष्यात पहिल्यांदाच एवढी चांगली परीक्षा दिल्यासारखं त्याला वाटलं, आणि कॉलेजात हे जमलं असतं तर, असाही एक विचार त्याच्या मनात येऊन गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी रोझॅनने एकेकाला बोलावलं. खेळाडूंची दुखणीखुपणी बघणारी ही बाई डोळ्यावर चष्मा, गळ्यात चिकटपट्ट्यांचं रीळ अडकवूनच फिरे. साऱ्या संघाला ती राजा म्हणायची, रागावली तरी राजाच.

"ये रे राजा. पास. खेळायला मोकळा."

"किती आला?"

"किती म्हणजे? नेहमीइतका." तिने पडदा त्याच्याकडे वळवला. यंदाचा निकाल मागच्या वर्षांच्या निकालांशेजारी मांडलेला होता. "बघ, एका रेषेत. माणसाने घड्याळ लावावं तुझ्यावर."

ब्रेटने पाहिलं. मग वाकून पुन्हा पाहिलं. "हा मागच्या वर्षीचा तर नाही ना पडला?"

"तारीख वाच."

तारीख कालचीच होती. त्याने खुर्चीचा हात धरला आणि म्हणाला, "रोझॅन, या वेळी मी खरी दिली."

रोझॅन इतकी हसली की चष्मा काढून तिला डोळे पुसावे लागले. "हो ना? आणि मी पोपची धाकटी बहीण! अरे, तुम्हाला काय वाटतं, मला कळत नाही? जन्म गेला माझा तुमची ही सोंगं बघण्यात. सिद्ध करता येत नाही म्हणून गप्प बसते. एका वर्षी खरोखर खरी देऊन दाखव, मी घरून केक करून आणीन."

"नाही, मी खरंच..."

"चल, निघ. पुढच्याला पाठव. आणि राजा, तो गुडघा शेकत जा."

ब्रेटही हसला. दुसरं काय करणार? विनोद न कळलेला माणूस चारचौघांत हसतो, तसं त्याचं हसू आपोआप आलं आणि तो बाहेर पडला.

बाहेर बर्फ होतं म्हणून सराव छपराखालच्या मैदानावर होता. टेक्सासचा गोलकीपर धावत आला. "हॅनिगन, तुझी युक्ती लागू पडली बरं का! रोझॅनने मला विचारलं, बाळा, तू शाळा तरी पुरी केलीस ना?" आजूबाजूचे खिदळले. ब्रेटला काहीतरी बोलायचं होतं. पण तेवढ्यात कोचने शिट्टी फुंकली आणि कॉर्नरचा सराव सुरू झाला.

चेंडू हवेतून येत राहिले आणि ब्रेट ते परतवत राहिला. त्याचं शरीर न विचारता वर जात होतं. मधल्या वेळात तो स्वतःची उलटतपासणी घेत होता. बहिणीचा फोन नंबर? पाठ. टल्साच्या घराचा पत्ता? पाठ. लग्नात वाजलेलं पहिलं गाणं? पाठ. सगळं जागच्या जागी होतं, आणि याचीच त्याला भीती वाटली. कारण जे गेलं असेल ते गेलंय, हे त्याला कळणार कसं?

मग त्याला आणखी एक गोष्ट सुचली आणि तो चेंडू सोडून जागीच उभा राहिला. सुरुवातीच्या वर्षांत बेताचा निकाल आणायला त्याला किती शब्द बळी द्यावे लागत! हळूहळू ते कमी होत गेले. गेल्या दोनेक वर्षांत तर दोनतीन शब्द इकडचे तिकडे केले की निकाल बरोबर जागेवर येऊन बसायचा. आपला हात बसलाय, असं त्याला वाटायचं. डेझला त्याने बढाईही मारली होती, अंदाज म्हणतात तो याला. अंदाज कसला? लबाडी कमी कमी होत गेली होती, आणि तिची जागा दुसरंच काहीतरी भरून काढत होतं.

"हॅनिगन! झोप लागली का?" कोच ओरडला.

"नाही, कोच."

"मग उडी मार की!"

ब्रेटने उडी मारली.

घरी आला तेव्हा कॉलीन चिलीच्या, म्हणजे राजमा-खिम्याच्या रश्श्याच्या, भांड्यात डाव फिरवत होती. मागे वळून न बघताच तिने विचारलं, "काय म्हणते रोझॅन? पडली बेशुद्ध?"

ब्रेटने कोट खुंटीला अडकवला. "नेहमीइतकाच आला."

डाव थांबला. कॉलीन वळली. "म्हणजे पुन्हा तेच केलंस?"

ब्रेटला क्षणभर कळलं नाही. मग कळलं. ती रागावली होती, घाबरली नव्हती. त्याने लबाडी केली, असं ती समजत होती. आता नुसती मान हलवली की हंगाम त्याचा. दोन दिवस ती बोलणार नाही, मग बोलेल, आणि मार्चमध्ये पहिल्या सामन्याला नेहमीच्या जागी येऊन बसेल.

"सवय गं," तो म्हणाला. "हात आपोआप गेला."

"सवय! मला शब्द दिला होतास. इतकी वर्षं तुझ्यामागून गावोगाव फिरले, काही मागितलं का मी? टल्साला उन्हाळा काढला, रॉचेस्टरला बर्फ उपसलं. एक गोष्ट मागितली, एक! आणि तिथेही तुला नाटकच करायचं होतं. निर्लज्ज आहेस तू!"

ती बोलत राहिली आणि ब्रेट भिंतीला टेकून ऐकत राहिला. इतकं गोड बोलणं त्याने कितीतरी दिवसांत ऐकलं नव्हतं. ती थांबूच नये, असं त्याला वाटलं.

पण ती थांबली. तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. एरवी असा ओरडा खाताना तो एवढा शांत कधी राहात नसे.

"कुठले सोडलेस?" तिने विचारलं.

"काय कुठले?"

"शब्द. मुद्दाम चुकायचं तर आधी बरोबर उत्तर ठाऊक असावं लागतं ना? परवाचं नाही, कालचंच आहे. ठाऊक असून कुठला चुकवलास, एक सांग."

ती यादी तिने पाहिलेली नव्हती. ब्रेटने काहीही ठोकून दिलं असतं तरी चाललं असतं. त्याने तोंड उघडलं. "खिडकी," तो म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्याला दिसलं की कॉलीनच्या मागे, बेसिनच्या वर, खिडकी आहे. हा शब्द कालच्या पडद्यावर होता की समोर दिसतेय म्हणून तोंडातून आला? त्याने आठवायचा प्रयत्न केला. त्याला सांगता येईना.

"ब्रेट."

"मी एकही मुद्दाम चुकवला नाही, कॉलीन. एकही नाही. उलट मला वाटलं, फार छान झाली. शीळ घालत बाहेर आलो मी."

कॉलीनने शेगडी बंद केली. पदार्थ अर्धवट ठेवून ती कधी हलत नसे. ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली आणि तिने दोन्ही हात त्याच्या कानांवर ठेवले, थंडीतून आलेल्या माणसाचे कान धरतात तसे.

"मला भीती वाटतेय," तो म्हणाला.

"मलाही वाटतेय. नोव्हेंबरपासून."

"बोलली नाहीस ती."

"बोलले होते. तू म्हणालास, मागणी होती."

त्याला हसू आलं, तिलाही आलं, आणि मग दोघांनाही तसं उभं राहवेना म्हणून दोघं टेबलाशी बसले.

"रोझॅनला सांगितलं तर हंगाम गेला," ब्रेट म्हणाला.

"हो."

"हंगाम कसला, सगळंच गेलं. मला दुसरं काही येत नाही, कॉलीन. मला वर उडी मारता येते, बस."

यावर पपांच्या धंद्याचं नाव काढायची सोय होती. कॉलीनने काढलं नाही. ती म्हणाली, "मी करू फोन?"

"नको. मीच करतो."

त्याने फोन लावला तेव्हा रोझॅन वाणसामान घ्यायला गेलेली असावी. मागे ढकलगाडीची चाकं वाजत होती. "बोल राजा. गुडघा का?"

"गुडघा नाही. रोझॅन, सकाळी मी मस्करी करत नव्हतो."

चाकं वाजायची थांबली.

"मी खरी दिली होती," ब्रेट म्हणाला. आता थांबलो तर पुढचं तोंडातून निघणार नाही, म्हणून तो घाईने बोलत गेला. "आणि ऐक, त्या नव्या पोरांची पुन्हा घे. सगळ्यांची. त्यांना मी शिकवून पाठवलं होतं. त्यांना सांग, हॅनिगनने सांगितलंय, मन लावून द्या म्हणून. उद्याच घे. आणि डेझची सगळ्यात आधी घे, तो माझ्याआधी उडी मारतो."

मग रोझॅन बोलली. तिचा आवाज एकदम हळू झाला होता, दवाखान्यात बोलतात तसा, आणि त्याला ओळखायला लागल्यापासून पहिल्यांदाच तिने त्याला नावाने हाक मारली.

"ब्रेट, उद्या सकाळी इकडे ये. गाडी तू चालवू नकोस. कॉलीन आहे का तिथे? तिच्याकडे दे फोन."

ब्रेटने फोन कॉलीनच्या हातात दिला आणि आपल्याबद्दल दोघी काय बोलताहेत ते ऐकत बसला.